सिझेरियननंतरची मळमळ आणि उलटी : टाळता येण्याजोगा त्रास

ओरगडम (चेन्नई) : सिझेरियन शस्त्रक्रियेच्या वेळी आणि त्यानंतर होणारी मळमळ व उलटी हा बाळंतपणाचा अपरिहार्य भाग आहे, असा समज आजही सर्वत्र आढळतो. वैद्यकीय पुरावा मात्र वेगळे सांगतो. कोणतीही पूर्वकाळजी न घेतल्यास पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये ८० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना हा त्रास होऊ शकतो. रक्तदाब सांभाळणे, योग्य औषधे वेळेवर देणे आणि शस्त्रक्रियेनंतर लवकर खाणेपिणे सुरू करणे, या तीन गोष्टी केल्या तर यातील मोठा भाग टाळता येतो.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस कांचीपुरम जिल्ह्यात असलेला ओरगडम हा पुण्याजवळच्या चाकणसारखाच वाहन उद्योगाचा पट्टा आहे. शेजारच्या श्रीपेरुंबुदूरसह या भागातील कारखान्यांत देशाच्या अनेक राज्यांतून आलेली तरुण कुटुंबे काम करतात. अशा कुटुंबांतील स्त्रीचे बाळंतपण अनेकदा माहेरापासून दूर, अनोळखी भाषेच्या रुग्णालयात होते. शिवाय तमिळनाडू हे सिझेरियनचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांपैकी एक आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काय सांगावे, काय विचारावे आणि नंतर कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, याची माहिती येथील कुटुंबांना विशेष उपयोगी आहे. ती अन्य राज्यांतील वाचकांनाही तितकीच लागू पडते.

वाढते प्रमाण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण १७.२ टक्के होते. तमिळनाडूत ते याच काळात ३४.१ टक्क्यांवरून ४४.९ टक्क्यांवर गेले. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचे प्रमाण २५.४ टक्के, गोव्याचे ३९.५ टक्के, तर तेलंगणाचे ६०.७ टक्के नोंदले गेले. सिझेरियनचे वाढते प्रमाण योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. मात्र जिची शस्त्रक्रिया होणारच आहे, तिचा त्रास कमी करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरते.

उलटी का होते?

या त्रासामागे एकच कारण नसते. शस्त्रक्रियेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी कारणे काम करतात आणि त्यानुसार उपायही बदलतात.

पहिला टप्पा भूल दिल्यानंतरच्या काही मिनिटांचा. बहुतेक सिझेरियन आज पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन केली जातात. या भुलेत स्त्री जागी असते आणि कमरेखालचा भाग बधिर होतो. त्याबरोबरच रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या चेतातंतूंचे कामही थांबते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साठते आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. उताणे झोपल्यामुळे भरलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडतो आणि ही घट अधिकच वाढते. रक्तदाब उतरला की मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला पुरेसे रक्त मिळत नाही आणि मळमळ सुरू होते. आतड्यांना होणारा रक्तपुरवठा घटल्याने तेथून सेरोटोनिन हे द्रव्य बाहेर पडते आणि तेही या केंद्राला चेतवते.

म्हणूनच भूल दिल्यानंतर लगेच स्त्रीने मळमळत असल्याचे, जीव घाबरा होत असल्याचे किंवा चक्कर येत असल्याचे सांगितले, तर भूलतज्ज्ञ प्रथम रक्तदाब पाहतात. अशा वेळी मळमळ ही रक्तदाब उतरत असल्याची सूचना असू शकते आणि त्याचा परिणाम गर्भाला होणाऱ्या रक्तपुरवठ्यावरही होतो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा. गर्भाशय हाताळताना पोटाच्या आतील आवरणावर ताण येतो. बधिरता पुरेशी वरपर्यंत पोहोचलेली नसेल, तर ही ओढ स्त्रीला वेदनेपेक्षा मळमळीच्या रूपात अधिक जाणवते. टाके घालण्यासाठी गर्भाशय पोटाबाहेर काढल्यास हा त्रास वाढत असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. टाके घालण्यापूर्वी पोट सलाईनने धुण्याच्या प्रथेनेही मळमळ वाढते. या धुण्याने जंतुसंसर्ग कमी होतो, असे मात्र आढळलेले नाही.

याच टप्प्यावर, बाळ बाहेर आल्यानंतर, रक्तस्राव रोखण्यासाठी गर्भाशय आकुंचित करणारी औषधे दिली जातात. ऑक्सिटोसिन एकदम मोठ्या मात्रेत शिरेतून दिल्यास रक्तदाब झपाट्याने उतरतो. मिथाइलअर्गोमेट्रिन आणि कार्बोप्रोस्ट या औषधांनी उलट्या होण्याची शक्यता बरीच असते. ही औषधे जीव वाचवणारी आहेत आणि रक्तस्राव होत असताना ती टाळता येत नाहीत. मात्र उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला मिथाइलअर्गोमेट्रिन आणि दमा असलेल्या स्त्रीला कार्बोप्रोस्ट सामान्यतः दिले जात नाही. त्यामुळे हे आजार आधीच सांगणे आवश्यक असते.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेनंतरच्या चोवीस तासांचा. पाठीच्या इंजेक्शनमध्ये मिसळलेले मॉर्फिन किंवा नंतर दिलेली अफूवर्गीय वेदनाशामके हे या काळातील प्रमुख कारण असते. मॉर्फिनमुळे वेदना दीर्घकाळ थांबतात, परंतु मळमळ आणि खाज हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. दीर्घ उपवास, शरीरातील पाण्याची कमतरता आणि न शमलेल्या वेदना यांनी त्यात भर पडते.

कोणाला धोका अधिक?

जर्मन भूलतज्ज्ञ ख्रिश्चन आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीचा अंदाज बांधण्यासाठी एक साधी गुणपद्धती मांडली. तिच्यात चार घटक आहेत : स्त्री असणे, धूम्रपान न करणे, प्रवासात उलटी होण्याचा किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उलटी झाल्याचा पूर्वानुभव आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषधांचा वापर. एकही घटक नसेल तर धोका सुमारे १० टक्के, चारही असतील तर सुमारे ८० टक्के. ही पद्धती संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून तयार झाली होती, तरी तिचा रोख येथेही उपयोगी पडतो. भारतातील बहुसंख्य गर्भवतींमध्ये पहिले दोन घटक असतातच. बसमध्ये किंवा घाटात ज्यांना मळमळते, त्यांच्यात तिसऱ्याची भर पडते. त्यामुळे सिझेरियन होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला प्रतिबंधक औषध द्यावे, या मताकडे तज्ज्ञांचा कल आहे.

प्रतिबंधाची पहिली पायरी : रक्तदाब

उलटीवरचे औषध ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी रक्तदाब उतरू न देण्याची. यासाठी भूल देताना शिरेतून सलाईन वेगाने दिले जाते. बाळ बाहेर येईपर्यंत स्त्रीच्या उजव्या कुशीखाली उशी देऊन किंवा टेबल डावीकडे झुकवून गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून हटवला जातो. पायांना दाबपट्ट्या बांधल्यानेही फायदा होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रकात ही औषधे रक्तदाब उतरण्याची वाट न पाहता प्रतिबंधक म्हणून द्यावीत, असे म्हटले आहे. त्यासाठी फिनाइलएफ्रिन या औषधाला पसंती देण्यात आली. वरचा रक्तदाब मूळ पातळीच्या ९० टक्क्यांवर राखण्याचे उद्दिष्ट ठेवावे आणि तो ८० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असेही त्यात नमूद आहे. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफेड्रिनच्या तुलनेत फिनाइलएफ्रिनने मळमळ कमी होते. मात्र त्याने नाडीचे ठोके मंदावू शकतात, म्हणून सतत देखरेख लागते.

ऑक्सिटोसिनच्या बाबतीतही मात्रा कमी आणि गती संथ ठेवावी, हा दंडक आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रकात नियोजित सिझेरियनसाठी सुरुवातीला केवळ १ युनिट आणि त्यानंतर थेंबाथेंबाने औषध देण्याची शिफारस करण्यात आली. कळा सुरू झाल्यानंतर करावी लागलेल्या सिझेरियनसाठी सुरुवातीची मात्रा ३ युनिट असून ती किमान ३० सेकंदांत द्यावी, असे सांगण्यात आले आहे.

दुसरी पायरी : औषधे

उलटी रोखणाऱ्या औषधांचे अनेक गट आहेत आणि प्रत्येक गट शरीरातील वेगळ्या संदेशाला अडवतो. म्हणून एकाच औषधाची मात्रा वाढवण्याऐवजी दोन वेगळ्या गटांतील औषधे एकत्र देणे अधिक परिणामकारक ठरते.

ऑनडान्सेट्रॉन हे सेरोटोनिनचा परिणाम रोखणारे औषध सर्वाधिक वापरात आहे. प्रौढांसाठी त्याची नेहमीची मात्रा ४ मिलिग्रॅम असते. डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता हे त्याचे सामान्य दुष्परिणाम. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचा विशिष्ट आजार असलेल्यांना ते जपून द्यावे लागते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मात्रा शस्त्रक्रियेनंतरच्या तासांत उपयोगी पडते. त्याचा परिणाम सावकाश सुरू होत असल्याने ते आधीच द्यावे लागते. त्याने रक्तातील साखर वाढत असल्यामुळे मधुमेही मातांच्या बाबतीत विचार करावा लागतो. मेटोक्लोप्रमाइड हे जठर लवकर रिकामे करण्यासही मदत करते. ते वेगाने दिल्यास अस्वस्थता जाणवू शकते, म्हणून शिरेतून सावकाश देतात.

कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ८४ अभ्यास तपासण्यात आले. पाठीतील भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये सेरोटोनिनरोधक औषधे शस्त्रक्रियेदरम्यानची मळमळ व उलटी कमी करतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड आणि मेटोक्लोप्रमाइडच्या गटातील औषधे यांचाही उपयोग दिसून आला.

औषधाविना उपायांमध्ये मनगटाच्या बिंदूवरील दाब हा सर्वाधिक अभ्यासला गेलेला उपाय आहे. तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटे अंतरावर, दोन शिरांसारख्या जाणवणाऱ्या स्नायुबंधांच्या मधोमध हा बिंदू असतो. तेथे दाब दिल्याने शस्त्रक्रियेदरम्यानची मळमळ कमी होण्यास मदत होते. उलटी थांबवण्याबाबतचा पुरावा तितका ठाम नाही. हा उपाय निर्धोक असल्याने औषधांच्या जोडीला करता येतो, औषधांऐवजी नव्हे. आल्याचा वापर घरोघरी होत असला, तरी सिझेरियनमध्ये त्यावर विसंबावे इतका पुरावा नाही.

वेदना शमवताना अफूवर्गीय औषधे कमीत कमी लागावीत, हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. पॅरासिटामॉल आणि दाहशामक गोळ्या दुखेल तेव्हा देण्याऐवजी ठरावीक वेळाने दिल्यास मॉर्फिनची गरज घटते. पाठीतून मॉर्फिन दिले नसेल, तर पोटाच्या भिंतीत बधिरतेचे इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो.

उपवास किती आणि का?

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासामागे गंभीर कारण आहे. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका प्रसूती रुग्णालयातील ४४ हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. भुलेखाली असताना पोटातील अन्न किंवा आम्ल श्वासमार्गात गेल्याच्या ६६ घटना त्यांना आढळल्या. त्या काळी प्रसूतीसाठी तोंडावाटे वायुरूप भूल दिली जात असे. गरोदरपणात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, त्यामुळे हा धोका वाढतो. मेंडेलसन यांच्या निष्कर्षांनंतर प्रसूतीच्या वेळी उपाशी ठेवण्याची प्रथा जगभर रुजली.

पुढे पाठीतील भूल रूढ झाली आणि धोका बराच घटला. सध्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियोजित सिझेरियनपूर्वी हलके जेवण सहा तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखी स्वच्छ पेये दोन तास आधीपर्यंत घेता येतात. दूध किंवा दुधाचा चहा स्वच्छ पेयांत मोडत नाही. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची सरसकट पद्धत आता शास्त्रसंमत राहिलेली नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र पोट भरलेले असू शकते, म्हणून आम्लाची तीव्रता कमी करणारी औषधे आधी दिली जातात. शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले, हे अशा वेळी न लपवता सांगणे जीवरक्षक ठरते.

शस्त्रक्रियेनंतर वारा सरेपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, हा संकेत अनेक घरांत आणि काही रुग्णालयांतही पाळला जातो. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सिझेरियननंतर दोन तासांत नेहमीचा आहार सुरू करावा, अशी शिफारस आहे. लवकर खाल्ल्याने आतड्यांची हालचाल लवकर सुरू होते. सुरुवात पाण्याच्या घोटांनी करून पेज, मऊ भात, वरण किंवा तमिळनाडूत सर्वत्र मिळणारा रसम-भात किंवा इडली असा हलका आहार घेता येतो. काही कारणाने खाणे लांबणार असेल, तर च्युइंगम चघळल्याने आतडी लवकर कामाला लागतात. तुपातले डिंकाचे लाडू किंवा अळिवाची खीर असा जड खुराक पहिल्या दिवशी टाळलेला बरा.

बाळाच्या दृष्टीने महत्त्व

जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू व्हावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तीन वर्षांखालील बालकांपैकी केवळ ४१.८ टक्के बालकांना पहिल्या तासात स्तनपान मिळाल्याची नोंद आहे. सतत उलट्या होत असलेली आई बाळाला छातीशी घेऊ शकत नाही. उलटीच्या उमाळ्याने टाक्यांवर ताण येऊन वेदना वाढतात, वेदनेसाठी आणखी अफूवर्गीय औषध लागते आणि त्याने पुन्हा मळमळ होते. हे चक्र सुरू होण्याआधीच रोखणे आई आणि बाळ दोघांच्याही हिताचे असते. ऑनडान्सेट्रॉन, मेटोक्लोप्रमाइड आणि डेक्सामेथासोन यांच्या एखाद-दुसऱ्या मात्रेसाठी सामान्यतः स्तनपान थांबवावे लागत नाही.

साधी मळमळ आणि धोक्याची सूचना

पहिल्या दिवसाची मळमळ बहुधा औषधांची असते आणि ती ओसरते. परंतु उलटीबरोबर पुढीलपैकी काही असल्यास तातडीने डॉक्टरांना कळवावे : तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली वरच्या पोटात दुखणे, कारण ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात आणि प्रसूतीनंतरही झटके येऊ शकतात, उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी, जी पाठीतील इंजेक्शनशी संबंधित असू शकते, पोट फुगणे, वारा न सरणे आणि हिरवट उलट्या, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव, अतिरक्तस्राव, घाम आणि चक्कर. घरी परतल्यानंतर यांपैकी काही दिसल्यास दुकानातून उलटीची गोळी आणून वेळ दवडू नये.

आधी काय सांगावे, काय विचारावे?

नियोजित सिझेरियनपूर्वी भूलतज्ज्ञ भेटतात. त्या वेळी प्रवासात होणारी उलटी, आधीच्या शस्त्रक्रियेनंतर झालेला त्रास, दमा, उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती द्यावी. उलटी टाळण्यासाठी कोणते औषध दिले जाईल, पाणी किती वाजेपर्यंत पिता येईल आणि नंतर खाणे केव्हा सुरू होईल, हे तीन प्रश्न विचारावेत. भाषेची अडचण असेल तर ही माहिती कागदावर इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत लिहून नेणे सोयीचे ठरते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मळमळ सुरू होताच संकोच न करता सांगावे. शब्द सुचले नाहीत तर हाताने खूण केली तरी पुरते.

या उपायांसाठी महागडी यंत्रणा लागत नाही. ऑनडान्सेट्रॉन, मेटोक्लोप्रमाइड आणि डेक्सामेथासोन ही तिन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या तसेच भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. १ जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे आणि रुग्णालयातील आहार मोफत देण्याची तरतूद आहे. सिझेरियन झालेल्या मातेला हा आहार सात दिवसांपर्यंत मिळतो. प्रसूतिकक्ष आणि प्रसूती शस्त्रक्रियागृहांचा दर्जा सुधारण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा उपक्रम सुरू केला. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईतील एग्मोरच्या सरकारी महिला रुग्णालयापासून तालुक्याच्या ठिकाणच्या लहान रुग्णालयापर्यंत कोठेही हे उपाय अमलात आणता येतात. त्यासाठी रक्तदाबावर सतत लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञ आणि योग्य वेळी दिलेली दोन स्वस्त इंजेक्शने यांची प्रामुख्याने गरज असते.